दह्याची पऱ्हाटी

पऱ्हाटी फुटली की आमच्या नेरच्या घरात उजेड खालून येतो. सूर्य आपला वरच असतो, त्याच्याबद्दल तक्रार नाही; पण मागच्या खिडकीबाहेरचं शेत पांढरं झालं की ऊन त्या कापसावर पडून उलटं घरात शिरतं आणि वर्षभर अंधारात बसलेलं छत एकदम उजळतं. कोपऱ्यातली कोळ्याची जाळी दिसायला लागतात. मी ती काढत नाही. या वयात कोळ्याशी नवं वैर कोण धरतं?

शेत आमचंच, पण आता बटईनं इंदिरा आणि तिचा नवरा करतात. यंदा वेचणीच्या पहिल्या सकाळी इंदिरा मागच्या दारात उभी राहिली. कमरेला कापसाची ओटी बांधलेली, हातात रिकामी वाटी.

"काकू, वाटीभर दही द्या न. सीतादही कराचं हाये."

मी उठले, तर ओसरीवरच्या खाटेवरून आवाज आला, "इंदिरे, दही घेऊन जाय, पन हिले वतू देऊ नको. थे पुरं झाड बुडवते."

इंदिराला काही कळलं नाही. म्हातारा म्हातारीला काहीतरी टोचून बोलला, एवढ्यावर ती पदराआड हसली आणि दही घेऊन गेली. मी मात्र तशीच उभी राहिले, दह्याचं रिकामं भांडं पोटाशी धरून. कारण आदल्याच दिवशी, त्याच खाटेवर बसून, माझ्या नवऱ्यानं मला विचारलं होतं, "बाई, तुमी कोनाकडं आल्या?"

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे पहिल्या वेचणीच्या आधी धुऱ्याजवळच्या, म्हणजे शेताच्या बांधाजवळच्या, एका पऱ्हाटीखाली पाच खडे मांडतात, हळदकुंकू वाहतात, दहीभात ठेवतात आणि झाडावर दही शिंपडतात. शिंपडतात, हा शब्द महत्त्वाचा आहे. बोटांनी, चार थेंब. दह्यासारखा पांढरा कापूस फुटू दे म्हणायचं आणि मग वेचायला हात लावायचा. हे मला चोवीसाव्या वर्षी माहीत नव्हतं. चोवीसाव्या वर्षी मला बाकी सगळं माहीत होतं.

त्या हंगामात मी जगातली सर्वांत हुशार बाई होते. कोणी तसं म्हणालं नव्हतं, पण मला ते आतूनच कळत असे. गणित घेऊन शिकलेली, यवतमाळची, आणि नेरजवळच्या एका सरकारी शेतावर सांख्यिकी सहायक म्हणून लागलेली. सकाळच्या एसटीनं यायची. नायलॉनची साडी, काखेत लॉगॅरिदमची पुस्तिका, पायात टाचेच्या चपला. काळ्या मातीत टाचेच्या चपला! ओलित केलेल्या वावरातून चाललं की तळव्यांना मातीचे थर चढत आणि दर पावलागणिक मी थोडी उंच होत जाई. मला वाटे, हा माझ्या योग्यतेचाच परिणाम आहे.

दुसरा सांख्यिकी सहायक म्हणजे प्रभाकर. दिग्रसकडच्या खेड्यातला, शेतकऱ्याचा मुलगा, सायकलनं येणारा. "मले", "तुले", "काहून" असं सरळ ऑफिसात बोलणारा. मी त्याचं मराठी सुधारायला घेतलं होतं. तो म्हणायचा, "सुमनबाई, पऱ्हाटी मराठीत फुटते का वऱ्हाडीत, एकडाव तिलेच विचारून पाहा." मला राग यायचा. त्या काळी मला फार लवकर राग यायचा, आणि राग आला की मी बरी दिसते असा माझा समज होता.

काम साधं होतं. कापसाची दोन वाणं, एक जुनं आणि एक नवं, शेजारी-शेजारी पेरलेली. प्रत्येकातल्या काही झाडांना पत्र्याची चकती अडकवलेली. त्या झाडाचा कापूस वेगळा वेचायचा, कागदी पिशवीत भरायचा, तोलायचा. सरासरी जवळजवळ सारखीच आली. मग प्रश्न उरला फैलावाचा: झाडागणिक कापूस किती कमी-जास्त होतो? नवं वाण जुन्याइतकंच एकसारखं आहे की नाही?

फैलावाचं महत्त्व मला पुस्तकानं शिकवलं नाही, भाकरीनं शिकवलं. समजा, दोन सुना आहेत. एकीच्या सगळ्या भाकरी मध्यम. दुसरीची एक भाकर परातीएवढी, एक पुरीएवढी. पीठ तेवढंच, भाकरी तेवढ्याच, म्हणजे सरासरीही तीच. पण पंक्तीला बसलेल्याला विचारा. सरासरी भाकर कोणी खात नाही. ताटात पडते ती खावी लागते.

दोन गटांचा फैलाव सारखा आहे का, हे तपासायच्या कसोट्या अनेक. पुस्तकात त्यांना परदेशी साहेबांची नावं आहेत. आमच्या घरात त्यातल्या दोघींना पुढे आयुष्यभर आत्याबाई आणि मावशी म्हणत आलो, तर तुम्हीही तसंच म्हणा.

आत्याबाई म्हणजे जुनी, कडक, मानपानवाली कसोटी. सगळी मापं शिस्तीत हवीत: मधे गर्दी, दोन्हीकडे उतार, देवळातल्या घंटेसारखा घाट. तसं असेल तर तिच्यासारखी पारखी नाही; फैलावात जरा फरक असला तरी चट्‌कन पकडेल. पण तिची खोड अशी की प्रत्येक मापाचं सरासरीपासूनचं अंतर घेते आणि त्याचा वर्ग करते. म्हणजे जो आधीच दूर गेला आहे, त्याला आणखी दूर ढकलते. लग्नात एक पाहुणा चिखलाच्या पायांनी आला की आत्याबाई अख्ख्या वरातीला गावंढळ ठरवून मोकळ्या.

मावशीचं तसं नाही. ती रांगेतला बरोबर मधला माणूस धरते आणि बाकीचे त्याच्यापासून किती दूर उभे आहेत ते साध्या अंतरानं मोजते. वर्ग नाही, लॉग नाही, आदळआपट नाही. त्या अंतरांची दोन्ही गटांत तुलना करते आणि सांगते. एखादाच बिचारा फार दूर असला तर त्याच्यासाठी गटाला शिव्या घालत नाही.

मी अर्थातच आत्याबाईंच्या पक्षाची. लॉगॅरिदमची पुस्तिका त्यांच्यासाठीच तर बाळगत होते. प्रभाकर मावशीचा. ती तेव्हा नवी होती, कुठल्याशा मासिकात वाचून त्यानं ती उचलली होती आणि एका कागदावर, सायकलच्या कॅरियरवर, उभ्याउभ्या करून दाखवायचा. मला ते फार हलकं वाटे. जे उभ्यानं करता येतं ते शास्त्र कसलं?

तर त्या हंगामाच्या पहिल्या वेचणीला शेतावरच्या बायका म्हणाल्या, "बाईसायब, तुमच्या हातानं होऊ द्या सीतादही." मला कोण आनंद! मी लोटा घेतला, भक्तिभावानं डोळे मिटले आणि धुऱ्याजवळच्या पऱ्हाटीवर सगळाच्या सगळा लोटा उपडा केला. बायकांचा श्वास अडकला. मला वाटलं, भारावल्या. डोळे मिटलेले असल्यामुळे त्या झाडाच्या फांदीला अडकवलेली पत्र्याची चकती मला दिसली नाही. डोळे उघडल्यावर दिसायला हरकत नव्हती, पण तेव्हा मी प्रसादाकडे पाहत होते.

त्याच दिवशी त्या झाडाचा कापूस वेचला गेला, पिशवीत गेला, तराजूवर गेला. मी स्वतः तोलला. दुसऱ्या झाडांच्या दुपटीहून जास्त भरला. मी आकडा लिहिला. बोटांना चिकट लागलं ते रुमालाला पुसलं. आणि आठवडाभर लॉगॅरिदमशी झटापट करून मी जाहीर केलं की दोन वाणांचा फैलाव सारखा नाही, नवं वाण भरवशाचं नाही. आत्याबाईंचा निकाल, वर्तुळाकार सहीसकट.

प्रभाकरनं तोच हिशेब मावशीकडून करून आणला. "सारखाच हाये फैलाव."

"तुमची कसोटी आंधळी आहे," मी म्हणाले.

"आंधळी नाई. थे एकाच्या पापासाठी दहाजनाले मारत नाई."

भांडण वाढलं. शेवटी तो कोठीत गेला, ती पिशवी शोधून आणली, तोंड उघडलं, नाकाशी नेली आणि डोळे बारीक केले. मग पिशवी माझ्यापुढे धरली. "हुंगा."

मी हुंगलं. आंबट. आत दोन भाताची शितंही होती.

मी त्या दिवशी रडले, हे सांगायला हरकत नाही. शास्त्रासाठी नाही, रुमालासाठी. तो रुमाल घेऊन मी आठवडाभर हिंडत होते आणि एसटीतल्या बायका माझ्याजवळून का उठून जात, ते मला तेव्हा कळलं.

डोळे पुसून मी म्हटलं, "ते झाडच काढून टाकते यादीतून."

तो म्हणाला, "काहून? झाडानं कोनाचं घोडं मारलं? दही तुमी वतलं. राहू द्या त्याले. नुसतं लिहा का याच्यावर दही पडलं होतं." आणि मग जे वाक्य तो पुढं कॉलेजात पोरांच्या कित्येक पिढ्यांना सांगत आला ते त्यानं पहिल्यांदा मला सांगितलं: "दूरचं माप आलं का त्याले फेकू बी नाई अन् त्याच्यावर डोळे मिटून भरवसा बी ठेवू नाई. आधी हुंगून पाहावं."

असल्या नाकाच्या माणसाशी लग्न करावं असं मला वाटलं. तेवढ्यावर केलंही.

*

मुक्ता, आमची नात, पुण्यात सांख्यिकीचं शिकते. तिचा प्रबंध याच विषयावर: फैलावाच्या कसोट्यांची तुलना. विषय तिनं निवडला तेव्हा आबांना फोन करून म्हणाली होती, "आबा, मी आत्याबाई आणि मावशीचं भांडण एकदाचं मिटवणार आहे." तेव्हा आबांना सगळं कळत होतं. ते म्हणाले, "पोरी, तुह्या आजीले नोको सांगू. थे अजून आत्याबाईकडून वकीलपत्र घेऊन बसली हाये."

मुक्ता लॅपटॉपवर खोटा कापूस पिकवते. खरंच. मशीनला सांगते की असं-असं शेत बनव, आणि मशीन क्षणात हजारो शेतं बनवतं. मग प्रत्येकावर दोन्ही कसोट्या चालवून पाहते की कोण किती वेळा खरं बोललं. ना बोंडअळी, ना रानडुकरं, ना एखादी चोवीस वर्षांची शहाणी लोटा घेऊन उभी. मी म्हटलं, "तुझ्या शेतात दही कुठून आणतेस?" तर म्हणाली, "ते मी मुद्दाम टाकते आजी. अधूनमधून एखादं माप फार दूर फेकायला सांगते." म्हणजे माझ्या मूर्खपणाचंसुद्धा आता मशीन झालं.

घरात फैलावाचा विषय पुन्हा निघाला तो मात्र मुक्तामुळे नाही. पोळ्यानंतर आम्ही यवतमाळला डॉक्टरांकडे गेलो होतो. तरुण मुलगा आहे, मऊ बोलणारा. त्यानं यांना साधे प्रश्न विचारले, यांनी काहींची छान उत्तरं दिली, काहींची हसून टाळली. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "काकू, एकंदर सरासरी कसे असतात?"

मी म्हटलं, "सरासरी झकास आहेत डॉक्टर. फक्त सरासरी माझ्या घरी राहत नाही, हे राहतात."

तो हसला आणि म्हणाला, लक्ष ठेवत जा.

लक्ष कसं ठेवायचं ते मला माहीत होतं. दिवेलागणीला देवाची वात वळताना बोंडातून सरकी निघते. रोजची एक सरकी मी स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायला लागले. कट्टा शहाबादी फरशीचा, मधोमध एक सांधा. दिवस रोजच्यासारखा गेला तर सरकी सांध्याजवळ. चांगला गेला तर डावीकडे, वाईट गेला तर उजवीकडे. जितका जास्त, तितकी दूर. पोळ्यापासून दसऱ्यापर्यंतच्या सरक्या मग त्याच अंतरांनी वरच्या फळीवर मांडल्या, दसऱ्यानंतरच्या खाली कट्ट्यावर. इंदिरानं एकदा विचारलं, "काकू, ह्या मांडून कायले ठेवल्या?" मी म्हटलं, "उंदरांची परीक्षा घेते." तिनं विश्वास ठेवला. माझ्याबद्दल लोक काहीही खरं मानतात.

पावसाळ्यातल्या सरक्या एकमेकींना धरून बसल्या होत्या. चष्मा फ्रीजमध्ये ठेवला, थोडी उजवीकडे. भाजीवाल्याचा हिशेब तोंडी केला, थोडी डावीकडे.

मग ती दिग्रसच्या बसची सकाळ आली. हे सांभार, म्हणजे कोथिंबीर, आणायला कोपऱ्यावर गेले होते. बराच वेळ झाला. मी फाटकापाशी येते तो एक कंडक्टर यांचा हात धरून घेऊन आला.

"काकू, हे बाबा आमच्या दिग्रसच्या गाडीत बसले होते. तिकीट मांगतलं तं म्हनते, माय वाट पाहून राह्यली, गाडी काढा. दुकानदारानं वळखलं म्हून बरं."

यांची आई जाऊन आमच्या मुलाच्या, नितीनच्या, वयाइतकी वर्षं होत आली. यांच्या हातात सांभाराची जुडी होती, घट्ट धरलेली. नीट पैसे देऊन घेतलेली. मी ती सोडवून घेतली, पाण्यात ठेवली आणि ती सरकी कट्ट्याच्या पार टोकाला नेऊन ठेवली.

आमचा नितीन पुण्याहून फोनवर म्हणाला, "आई, आता पुरे. तुम्ही दोघं इकडे या. मी घ्यायला येतो."

"एका दिवसावरून ठरवू नकोस. एक झाड भिजलं म्हणून वाण टाकून देतात का?"

"आई, प्लीज. शेतातल्या गोष्टी नकोत. रस्ता आहे समोर. विहीर आहे मागं."

"इथं यांच्या डोक्याला वाट आठवली नाही तर पायांना आठवते. तिथं पायांनाही आठवणार नाही."

शेवटी तो म्हणाला, "बरं. वेचणी संपेपर्यंत बघ. मग तू सांगशील तसं करू. पण खरं सांगायचं हं, आई."

खरं सांगायचं! ज्या बाईनं आयुष्यभर आकड्यांच्या परीक्षा घेतल्या तिला मुलगा हे सांगतो. पण त्याला आई ठाऊक आहे. त्या दिवसापासून मी जे केलं ते पाहून चोवीस वर्षांची सुमनसुद्धा लाजली असती. मी दही शोधत सुटले. बसच्या दिवशी? आदल्या रात्री यांना झोप नव्हती, दही. देवघरात बूट घालून गेले? नवी गोळी सुरू केली होती, दही. दिवाळीत नितीनला "तुमी कोन्त्या बँकेत हाये?" विचारलं? घरात गर्दी होती, फटाके होते; दही, दही. प्रत्येक वाईट दिवसाला मी नाक लावत होते आणि प्रत्येकाला मला आंबट वास येत होता. जिनं कडक आत्याबाईंची बाजू घेऊन एका माणसाचं डोकं खाल्लं, ती आता मावशीचे पाय धरून बसली होती: बाई गं, तू तरी म्हण की एखाद्या-दुसऱ्या दिवसानं काही बिघडत नाही.

एक दुपार तेवढी सांगायची राहिली. इंदिरा दही मागायला आली, त्याच्या आदली.

"बाई, तुमी कोनाकडं आल्या?" यांनी विचारलं. नम्रपणे, परक्या बाईशी बोलावं तसं. खाटेवर सरकून मला जागा करून दिली.

मी बसले. मग माझी जुनी खोडी वर आली. ती काही माणूस पाहून येत नाही. मी म्हटलं, "अशीच आले. मी यवतमाळची."

"यवतमाळची?" यांचा चेहरा उजळला. "आमच्या हापिसात एक पोरगी हाये यवतमाळची. लय घमेंडी."

"असं? दिसायला कशी आहे?"

"बरी हाये. पन टाचेच्या चपला घालून वावरात येते. चिखलानं चपला भरल्या का बगळ्यावानी चालते." आणि हे हसले, ते पार खोकला येईस्तोवर. मी पाणी दिलं. पाणी पिऊन इकडंतिकडं पाहिलं आणि माझ्याकडं वाकून हळूच म्हणाले, "कोनाले सांगू नोका. तिनं झाडावर पुरा लोटा वतला दह्याचा. मी धुऱ्यावरून पाह्यलं होतं. चकतीवालं झाड."

मी म्हटलं, "पाहिलं होतं? हुंगून नाही ओळखलं?"

"छे! मले सर्दी होती. मले कायचाच वास येत नव्हता."

"मग तेव्हाच का नाही सांगितलं तिला?"

"सांगतलं असतं तं थे आठ रोज भांडाले कायले आली असती माह्यासंगं?"

बाहेर कापसावर ऊन होतं. छत उजळलेलं होतं, जाळ्यांसकट. मी त्या परक्या गृहस्थाशेजारी बसून राहिले. ज्या नाकावर भाळून मी लग्न केलं ते नाक त्या दिवशी बंद होतं, हे मला पन्नासेक वर्षांनी कळत होतं, आणि ज्यानं सांगितलं त्याला मी कोण ते माहीत नव्हतं. इतकं गोड माझ्याशी कोणी कधी बोललं नाही. आणि त्या दिवशीची सरकी मला सगळ्यांत उजवीकडं ठेवावी लागली, बसच्या सरकीच्याही पलीकडे, फरशी संपते तिथं.

*

वेचणी संपत आली. आता शेत पांढरं नाही, बोंडांच्या वाळक्या टरफलांनी करडं झालं आहे. उजेड पुन्हा वरून येतो.

मुक्ताचा फोन आला. तिची खोटी शेतं संपली होती, निकाल हाती होता. मी विचारलं, "काय गं, कोण जिंकलं?"

"कोणीच पूर्ण नाही. मापं शिस्तीत असली तर आत्याबाई जास्त तीक्ष्ण आहेत आजी, फरक लवकर ओळखतात. पण एखादं माप दूर गेलं की उगाच ओरडतात. मावशीचं उलटं. छोटा फरक असला तर तिला दिसतच नाही, ती गप्प राहते. पण मावशी सहसा खोटी ओरड करत नाही. फक्त उशिरा बोलते."

फोन ठेवून मी खिडकीपाशी गेले. वर पावसाळ्याची रांग, खाली वेचणीची. आधी आत्याबाईंच्या नजरेनं पाहिलं. त्यांचं काय, त्या ओरडणारच, टोकाला दोन सरक्या बसलेल्या. मग मी हात पुढं केला आणि त्या दोन सरक्यांवर तळवा ठेवून त्या झाकल्या. फेकल्या नाहीत, नुसत्या झाकल्या. आता मावशीच्या नजरेनं. मधली सरकी धरली. बाकीच्या किती दूर आहेत ते पाहिलं.

दूर होत्या. टोकाच्याच नाही, सगळ्या. डावीकडच्यासुद्धा: ज्या दिवशी यांनी पाठ असलेली सगळी सूत्रं म्हणून दाखवली, ज्या सकाळी इंदिराला दह्यावरून टोमणा मारला. चांगले दिवस फार चांगले होत गेले होते, वाईट फार वाईट. सरासरी अजून बरोबर फरशीच्या सांध्यावर होती. पण सांध्यावर सरकी जवळजवळ नव्हतीच. रोजच्यासारखा असा दिवसच आमच्या घरातून निघून गेला होता, आणि मी टोकाच्या दोन दिवसांशी भांडत बसले होते.

मागून चपलांचा आवाज आला. हे स्वयंपाकघरात आले होते. खिडकीपाशी उभे राहिले, हात मागं बांधून, वर्गात पोरांच्या वह्या पाहत फिरायचे तसे. वरची रांग पाहिली. खालची पाहिली.

"ह्या दोन रांगा सारख्या नाईत," ते म्हणाले.

"कशावरून?"

"दिसून नाई राह्यलं?" जुना मास्तरी आवाज. "मधली जागा तेच हाये. पन ह्या खालच्या फैलून गेल्या. मावशीले विचारलं?"

"विचारलं."

"काय म्हनते?"

मी सरक्यांवरचा तळवा उचलला. "म्हणते, सारख्या नाहीत."

"मंग मान्य कर न," ते म्हणाले. "मावशी म्हनते म्हंजे झालं."

कशाच्या रांगा, कोणाच्या, हे त्यांनी विचारलं नाही. मी फोन उचलला. नितीननं पहिल्याच घंटीला घेतला, जणू हातातच धरून बसला होता. मी म्हटलं, "ये घ्यायला." तो काही विचारणार, तेवढ्यात म्हटलं, "खरं सांगितलं बाबा. आता जास्त बोलू नकोस."

फोन ठेवला तेव्हा यांनी टोकाची सरकी उचललेली होती. फरशी संपते तिथली. मी परकी बाई होते त्या दुपारची. त्यांनी ती उजेडाकडे धरली, दोन बोटांत फिरवली, नाकाशी नेली आणि डोळे बारीक केले. ते सोंग मला आता ठाऊक होतं. तरी मी वाट पाहत राहिले, त्या जुन्या कोठीत उभी राहिले होते तशी.

"सुमन," ते म्हणाले, "याले दह्याचा वास नाई."

आणि सरकी होती त्याच जागी, अगदी टोकावर, परत ठेवून दिली.